एका फळीत चिमणीचं घर: पहिल्यांदाच करवत हातात घेणाऱ्यांसाठी

पक्ष्यांचं लाकडी घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर लाल छपराचं, रंगवलेलं, भोकाखाली बसायला छोटी दांडी असलेलं गोंडस घर येतं. दिसायला छान असतं ते, पण चिमणीला त्यातलं निम्मं काही नको असतं आणि ती दांडी तर उलट त्रासाची. चिमणी काय बघते तर भोक आपल्या मापाचं आहे का, आत कोरडं आणि अंधारं आहे का, मांजर किंवा कावळा पोचतो का, बस. एवढं नीट जमलं ना तर सुतारकाम थोडं वेडंवाकडं झालं तरी चालतं, आणि हेच चुकलं तर कितीही सुबक पेटी असली तरी ती वर्षानुवर्षं रिकामी राहते. म्हणून खाली मी मापांवर जरा जास्त बोलणार आहे आणि सजावटीवर जवळजवळ काहीच नाही.

आधी एक स्पष्ट करतो, सगळे पक्षी पेटीत राहत नाहीत. झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात घरटं करणारे जे पक्षी आहेत तेच येतात. बुलबुल झुडपात वाटी करतो, शिंपी पानं शिवतो, सुगरण खोपा विणते, ही मंडळी पेटीकडे ढुंकूनही बघणार नाहीत. आपण इथे चिमणी धरून चाललोय, कारण नवख्यासाठी ती सगळ्यात सोपी, माणसाच्या आसपास राहायला तिला आवडतं आणि पेटी पटकन स्वीकारते.

लाकूड कुठलं घ्यायचं

साधं, रंग-केमिकल न लावलेलं लाकूड. पाइन चालतं, देवदार चालतं, जुन्या सागाची फळी पडली असेल तर उत्तमच. जाडी निदान १५ मिमी पाहिजे, १८ असेल तर बेस्ट, कारण पातळ फळीची पेटी उन्हात भट्टीसारखी तापते आणि थंडीत गारठते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, अजिबात नको, पाणी लागलं की फुगून पावासारखं होतं. घरातल्या फर्निचरचं साधं प्लायवुडसुद्धा बाहेर टिकत नाही, थर सुटायला लागतात.

पॅकिंगच्या खोक्यांचं किंवा पॅलेटचं लाकूड वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता देऊन किडे मारलेत, ते चालेल. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नका. शिक्काच नसेल किंवा तेलाचे डाग, विचित्र वास असेल तरीही सोडून द्या, पिल्लं त्यात दोन आठवडे श्वास घेणार आहेत.

आपल्याला एकच फळी लागते, १५० मिमी रुंद, १८ मिमी जाड आणि लांबी सहा फूट. तुकड्यांना साधारण पाच फूट लागतं, राहिलेला फूटभर तुकडा फेकू नका, भोक पाडायची प्रॅक्टिस त्याच्यावरच करायची आहे. फळी घेताना एका टोकाला डोळा लावून बंदुकीच्या नळीतून बघतो तसं बघा, पीळ पडलेली असेल तर लगेच कळतं. गाठी असल्या तर हरकत नाही, फक्त नेमकं भोक जिथे येणार तिथे किंवा कडेला, जिथे स्क्रू बसणार तिथे गाठ नको.

हत्यारं म्हणाल तर हातकरवत, मेजर टेप, गुण्या (काटकोन आखायची पट्टी), पेन्सिल, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर, दोन सी-क्लॅम्प आणि थोडा पॉलिश पेपर. स्क्रू ४० मिमी लांबीचे, स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड, साधे लोखंडी घेतले तर पहिल्या पावसातच गंज ओघळायला लागतो. खिळ्यांनीही पेटी होते पण लाकूड ओलं-कोरडं होत राहिलं की खिळे हळूहळू वर येतात, स्क्रू तसे येत नाहीत आणि चुकलं तर काढून परत लावता येतात, नवख्या माणसाला हे फार मोलाचं आहे. डोळ्यांना गॉगल आणि घासताना मास्क, हे लावाच.

मापं

सगळी मापं मिलिमीटरमध्ये देतोय, इंचात अर्धा-पाव करत बसलं की चुका होतात.

मागची फळी ४३०
दोन्ही बाजू मिळून ५१० (प्रत्येक बाजू मागून २८०, पुढून २३० उंच)
पुढची फळी २२०
छप्पर २३०
तळ ११४

सगळ्यांची रुंदी फळीचीच, म्हणजे १५०. आता तळ ११४ का? तर तळ दोन बाजूंच्या मधे बसतो, म्हणून पूर्ण रुंदीतून दोन जाड्या वजा करायच्या, १५० वजा १८ वजा १८. तुमची फळी जाडीला १६ किंवा २० निघाली तर हा आकडा बदलणार. आणि निघतेच वेगळी, कारण सहा इंची म्हणून घेतलेली फळी रंधा मारून झाल्यावर बऱ्याचदा साडेपाच इंचच भरते. त्यामुळे कागदावरचं माप डोळे झाकून घेऊ नका, आपली फळी आधी मोजा, रुंदी आणि जाडी दोन्ही, आणि तळाचं माप त्यावरून काढा. बाकीच्या लांब्या तशाच राहतात.

पुढच्या फळीचं माप २२० आहे आणि बाजूंची पुढची उंची २३० आहे, ही चूक नाहीये. छप्पर पुढे उतरतं, आणि पुढची फळी बाजूंच्या अजून १८ मिमी पुढे लागते, म्हणजे त्या जागी छप्पर आणखी ६ मिमी खाली आलेलं असतं. मी पहिल्या पेटीला हे लक्षातच घेतलं नव्हतं, दोन्ही २३० कापल्या आणि छप्पर पुढच्या फळीच्या कडेवर चढून बसलं, बाजूंवर फट. परत सगळं सोडवून घासत बसलो. २२० कापलं की छपराखाली छोटीशी फट राहते, बाहेरून ४ मिमीच्या आसपास, आणि ती हवा खेळायला हवीच असते.

आखणी आणि कापणी

एका टोकापासून सुरुवात करा, गुण्या लावून रेघ मारा, मग पुढचा तुकडा मोजा. पण सगळे तुकडे एकदम आखून मग कापायला जाऊ नका. करवतीचं पातं दोन-तीन मिमी लाकूड खातं आणि पुढचा प्रत्येक तुकडा तेवढा कमी भरतो. एक आखा, कापा, मग तिथून पुढे मोजा.

बाजू कापायची युक्ती मला फार आवडते. ५१० चा तुकडा घ्या. एका लांब कडेवर टोकापासून २८० वर खूण करा, समोरच्या कडेवर त्याच टोकापासून २३० वर. दोन्ही खुणा तिरक्या रेघेने जोडा आणि त्या एका रेघेवर कापा. दोन्ही तुकडे सारखेच निघतात, एका बाजूला २८० आणि दुसऱ्या बाजूला २३०, छपराचा उतार आपोआप तयार आणि लाकूड वाया नाही.

करवत पहिल्यांदा धरत असाल तर फळी टेबलाला क्लॅम्पने घट्ट बांधा, हाताने धरून कापू नका. सुरुवातीला पातं रेघेच्या बाहेरच्या बाजूला ठेवून दोन-तीनदा नुसतं स्वतःकडे ओढा, छोटी खाच पडली की मग पुढे-मागे चालवायचं. जोर देऊ नका, करवत स्वतःच्या वजनाने कापते, तुम्ही दाबलं की ती रेघ सोडून पळते. शेवटचा इंचभर राहिला की वेग कमी करा आणि सुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने आधार देऊन धरा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने तुटतो आणि कडेला लांब चिरफळी निघते.

कापून झालं की प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने नाव लिहा, मागची, पुढची, डावी, उजवी. आणि बाहेरच्या बाजूलाच पॉलिश पेपर मारा. आतली बाजू गुळगुळीत करू नका, पिल्लांना वर चढायला खरखरीत लाकूडच लागतं.

भोक

या पेटीत सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर हे. चिमणीसाठी ३२ मिमी व्यास, म्हणजे जवळजवळ सव्वा इंच. यातून चिमणी आरामात जाते आणि साळुंकीसारखा मोठा पक्षी घुसू शकत नाही. भोक मोठं केलं की जास्त पक्षी येतील असं वाटतं पण होतं उलटं, मोठे पक्षी जागा बळकावतात आणि कावळ्याची चोच आत पोचते. वल्गुलीसारखे (इंग्रजीत टिट) छोटे पक्षी २८ मध्ये मावतात, साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंगला ४५ लागतं, असा प्रत्येकाचा हिशोब ठरलेला आहे.

भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या वरच्या कडेपासून ५० मिमी खाली, रुंदीच्या बरोबर मधोमध. असं केलं की भोकाची खालची कड आतल्या तळापासून साधारण १३ सेंटीमीटर वर राहते. ही उंची का हवी, तर घरट्याचं गवत बरंच वर येतं, त्यावर पिल्लं, आणि भोक खाली असेल तर पिल्लं पंख फुटायच्या आधीच बाहेर डोकावून पडतात किंवा मांजराचा पंजा आत जातो.

३२ चा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, असेल तर काम दोन मिनिटांचं. फळीच्या मागे उरलेला लाकडाचा तुकडा घट्ट लावून क्लॅम्प करा आणि मग ड्रिल चालवा, मागे आधार नसेल तर बिट बाहेर पडताना मागच्या बाजूचं लाकूड उचकटतं. होल सॉ नसेल तर कंपासने वर्तुळ काढा, वर्तुळाच्या आतल्या बाजूने कडेकडेने ५ मिमीची भोकं शेजारी शेजारी पाडत जा, मधला गोल हातोडीने हळूच ठोकून काढा आणि मग अर्धगोल कानशीने रेघेपर्यंत घासत या. अर्धा तास जातो पण भोक व्यवस्थित गोल होतं. शेवटी बोट आतून फिरवून बघा, एकही कुसळ राहता कामा नये, पंख रोज तिथूनच घासून जाणार आहेत.

दांडी लावू नका. चिमणीला भोकाच्या कडेला पंजे रोवून बसता येतं, दांडीचा उपयोग होतो तो अंडी-पिल्लं खायला आलेल्याला आरामात उभं राहण्यासाठी.

आता पुढची फळी उलटी करा, भोकाच्या खाली आतल्या बाजूला करवतीने आडव्या खाचा मारा, एक-दोन मिमी खोल, बोटाच्या अंतरावर, सात-आठ पुरे. पिल्लांसाठी ही शिडी. रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीला हे केलंच पाहिजे.

जोडायच्या आधीची छोटी भोकं

तळाच्या चारही कोपऱ्यांत ६ मिमीचं एकेक भोक, आत पाणी गेलं तर निघून जायला. दोन्ही बाजूंच्या वरच्या भागात ६ मिमीची दोन-दोन भोकं, गरम हवा बाहेर पडायला. मागच्या फळीच्या वर आणि खाली एकेक भोक, टांगण्यासाठी. हे सगळं आत्ताच करा, पेटी जोडल्यावर ड्रिल आत शिरत नाही.

जोडणी

प्रत्येक स्क्रूच्या आधी अडीच-तीन मिमीचं भोक पाडायचंच, कंटाळा करू नका. फळीच्या कडेला थेट स्क्रू पिळला की लाकूड रेषेरेषेने फाटतं आणि सगळी मेहनत तिथे संपते.

पहिल्यांदा दोन बाजू आणि तळ. तळ बाजूंच्या खालच्या कडेला सरळ न लावता ५ मिमी वर लावा, म्हणजे बाजूंवरून ओघळणारं पाणी तळाच्या फळीत मुरत नाही, खाली टपकून जातं. प्रत्येक बाजूकडून दोन स्क्रू. इंग्रजी यू सारखा आकार तयार होतो. तो टेबलावर उभा करून बघा डुगडुगतो का, डुगडुगत असेल तर आत्ताच स्क्रू थोडे सैल करून सरळ करा, नंतर नाही होत.

मग पुढची फळी, खालची कड बाजूंच्या खालच्या कडेला जुळवून, दोन्हीकडे दोन-दोन स्क्रू आणि एक खाली तळात. गोंद लावायची गरज नाही, पुढेमागे एखादी फळी कुजली तर तेवढीच बदलता येते.

मागची फळी ४३० ची आहे आणि पेटी मागून २८० उंच, म्हणून खालून ७५ मिमीवर आडवी रेघ मारा, पेटीचा तळ त्या रेघेवर येईल, म्हणजे वर-खाली ७५-७५ शिल्लक राहतं टांगायला. मागून बाजूंमध्ये तीन-तीन स्क्रू. इथे पेटी सरकते फार, कुणालातरी धरायला बोलवा.

राहिलं छप्पर. हे कधीही कायमचं ठोकू नका. मी एकदा खिळ्यांनी पक्कं केलं होतं, चिमण्या आल्या, पिल्लं उडाली आणि मग आतलं जुनं घरटं काढायला वाटच नव्हती, छप्पर उचकटताना बाजूची फळीच फुटली. सोपा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा १५० मिमी लांब आणि तीन बोटं रुंद तुकडा कापा. छप्पर बाजूंवर ठेवून मागच्या फळीला टेकवा, पुढे पाच सेंटीमीटर बाहेर येईल, तेवढं यायलाच हवं, पावसाची झड भोकात जात नाही. छप्पर तिरकं असल्यामुळे मागच्या फळीपाशी वरून बारीक खाच दिसेल, पाणी नेमकं तिथेच साठतं. रबराची पट्टी त्या खाचेवरून अशी लावा की अर्धी मागच्या फळीवर आणि अर्धी छपरावर, दोन्हीकडे छोटे चपटे खिळे. बिजागरीही झाली आणि पाणीही अडलं. पुढे दोन्ही बाजूंनी एकेक छोटी कडी किंवा हुक लावा, नाहीतर वाऱ्याने किंवा मांजराने छप्पर उचललं जातं.

रंग लावायचा का

आतून काहीच नाही, भोकाच्या कडेलाही नाही. बाहेरून लावायचंच असेल तर जवसाचं तेल पातळ हाताने पुसा, किंवा पाण्यात मिसळणारा बिनविषारी फिकट रंग, आणि निदान दोन आठवडे उघड्यावर वाळू द्या, वास पूर्ण गेला पाहिजे. गडद रंग नको, पेटी तापते. तेलाचं एक सांगायलाच हवं, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, खरंच घेतात. एकेक पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. काहीच न लावता ठेवलं तरी लाकूड राखाडी पडतं आणि चांगली काही वर्षं टिकतं, मी आता तेच करतो.

कुठे टांगायची

जमिनीपासून दोन ते चार मीटर. भिंतीवर, वळचणीखाली उत्तम. दुपारचं आणि संध्याकाळचं ऊन थेट पेटीवर येणार नाही असं बघा, उत्तर गोलार्धात तोंड उत्तर ते पूर्व या मधे कुठेतरी ठेवलं की जमतं. तुमच्याकडे पाऊस ज्या दिशेने झोडपतो त्या दिशेला भोक नको. वरचा भाग अगदी थोडा पुढे झुकलेला ठेवा. मागे झुकला तर पाणी सरळ आत. शेजारी पाइप, ग्रिल, फांदी असं काही नको ज्यावरून मांजर चढेल, आणि भोकासमोर दोन-तीन मीटर मोकळं पाहिजे, चिमणी सरळ उडत येते. फिरत्या पंख्याच्या आसपास तर कधीच लावू नका.

दाणे ठेवायची जागा पेटीपासून लांब ठेवा, तिथली वर्दळ आणि भांडणं घरटं करणाऱ्या जोडीला नको असतात. चिमण्यांना मात्र एकमेकींच्या शेजारी राहायला चालतं, त्यामुळे दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तरी सगळ्या भरू शकतात. पेटीच्या आत गवत-कापूस भरून ठेवू नका, ते त्यांचं काम आहे.

टांगताना दोन स्क्रूवर पक्की बसवा, दोरीने लोंबकळती नको.

लगेच कुणी आलं नाही तर घाबरू नका, आठवडाभरात येतात तसं एखादी पेटी पूर्ण हंगाम रिकामीही राहते. एक हंगाम वाट बघा आणि मग जागा बदला, पेटी नाही. बऱ्याचदा पाच-सहा फूट सावलीकडे सरकवली तेवढंच पुरतं.

एकदा काड्या आत जायला लागल्या की छप्पर उघडून बघायचा मोह आवरा, हे सगळ्यात अवघड आहे, मान्य. चिमणी अंड्यांवर अकरा ते चौदा दिवस बसते, पिल्लं त्यानंतर साधारण दोन आठवडे आत असतात. सतत डोकावलं तर जोडी घरटं सोडून जाऊ शकते, आणि उडायच्या बेतातली पिल्लं दचकून वेळेआधी बाहेर उड्या मारतात. लांबून बघा, आई-बाप किती वेळा चोचीत अळी घेऊन येतात ते मोजलं तरी आतलं सगळं कळतं.

एक वीण झाली म्हणून लगेच साफ करू नका, चिमणी एका हंगामात दोन-तीनदा अंडी घालते. हंगाम पूर्ण संपला, बरेच दिवस कुणी ये-जा करत नाही अशी खात्री झाली की हातमोजे आणि मास्क घालून जुनं घरटं काढा, त्यात पिसवा आणि गोचिडी असतात. उकळतं पाणी ओता, ब्रशने घासा, कीटकनाशक किंवा फिनाइल नको, आणि उन्हात छप्पर उघडं ठेवून कडकडीत वाळवा. स्क्रू एकदा तपासा, तळाची भोकं मातीने बुजली असतील तर खिळ्याने मोकळी करा आणि पेटी त्याच जागी परत लावा, थंडीच्या रात्री चिमण्या नुसत्या झोपायलासुद्धा आत येतात.